डांबर तुमचं, बर्फ आईचा

तुर्कू, २० ऑक्टोबर

बाबा,

तुमची चाकं चोरीला गेलेली नाहीत, ती माझ्याकडे आहेत. पोलिसांना फोन करू नका आणि वेइकोच्या दारात जाऊन आरडाओरडा तर मुळीच करू नका. त्या बिचाऱ्या शेजाऱ्याची टपालपेटी तुम्ही आधीच गाडीखाली घेतली आहे.

दर ऑक्टोबरात मी एवढा प्रवास करून येते ती तुमच्या गाडीची चाकं बदलून द्यायला. उन्हाळी काढायची, बर्फ धरायला रबरात लोखंडी खिळे ठोकलेली हिवाळी लावायची, आणि तुम्ही शेजारी कमरेवर हात ठेवून उभे. नट कसे आवळायचे हे मला शाळेत असल्यापासून येतं, तरी दर वर्षी पहिल्यापासून धडा. या वेळी तुम्ही आधी सौनात वाफ घ्यायला जाऊन बसलात. आत तापलेल्या दगडांवर पाणी ओतल्याचा चर्र आवाज येत होता, तुम्ही घसा खाकरत होता, आणि मी शेडमधली चारही नवीकोरी चाकं माझ्या गाडीत भरत होते. त्यांना अजून रस्ताही लागला नव्हता. निरोप घ्यायला थांबले असते, पण तुम्हाला उगाच कपडे घालून बाहेर यावं लागलं असतं.

लोकांना मी सांगितलंय, म्हाताऱ्याची काळजी वाटते म्हणून नेली. तेही खरंच आहे. तुम्हाला नीट दिसत नाही. टपालपेटी पाडलीत तेव्हा 'सूर्य डोळ्यांवर आला' म्हणालात ना? मी वेइकोला विचारलं. त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं.

उन्हाळी चाकांवर थंडीत गाडी काढणं कायद्यात बसत नाही, आणि ड्रायव्हिंग स्कूल चालवण्यात उभा जन्म घालवलेला माणूस कायदा मोडणार नाही. दुसरी चाकं विकत घेणार असाल तर खुशाल घ्या. त्याच दिवशी मी डॉक्टरांना तुमच्या डोळ्यांविषयी कळवीन, मग लायसन्स कायमचं गेलं म्हणून समजा. तेव्हा चाकं माझ्याकडे, लायसन्स तुमच्या खिशात. वसंतात परत देईन.

राहिला रविवार. वेलचीचा पाव घेऊन आईला भेटायला वृद्धाश्रमात कसं जायचं, हेच विचाराल. मंगळवारी नगरपालिकेची टॅक्सी असते. पण ती पिर्को चालवते. स्कूलमध्ये तिला तुम्ही लायसन्सच्या परीक्षेला बसूच देत नव्हता, 'अजून एक हिवाळा शिक' म्हणून वर्गासमोर पाणउतारा करायचात. शिवाय ब्रेक आपल्या पायाखाली नसेल तर तुम्ही बाईच्या शेजारी बसत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. तेव्हा घरीच बसा. आई तुमची वाट बघत नाही. मी विचारलं तिला.

मेर्वी


तुर्कू, ९ नोव्हेंबर

बाबा,

कार्ड मिळालं. 'चाकं परत कर. ताउनो.' पोटच्या मुलीला लिहिताना खाली स्वतःचं नाव घालणारा बाप मी दुसरा पाहिलेला नाही. आणि कार्डही स्कूलचंच, कोपऱ्यात ते हसरं स्टिअरिंग. अजून किती गठ्ठे उरलेत घरात?

चाकं मजेत आहेत. मी ती माझ्या गाडीला लावली. बसायला काही अडचण आली नाही. आपल्या घरात सगळ्यांनी एकाच बनावटीची गाडी घ्यायची, हा तुमचाच नियम. इथे अजून हिमाचा कण नाही, रस्ते ओले, काळे, उघडे. त्यावर तुमचे खिळे दिवसभर करकर वाजतात. शेजारीण म्हणाली, "मेर्वी, तू येतेस ते पार पुलापासून कळतं गं. दळण दळत येतेस का?"

नवे खिळे रबरात घट्ट बसेपर्यंत गाडी सावकाश चालवायची, जोरात ब्रेक मारायचा नाही, झटक्याने सुटायचं नाही, नाहीतर खिळे सैल होऊन उडून जातात. तुम्हीच शिकवलेलं. मी अगदी आठवणीने उलट वागते. सिग्नल हिरवा झाला की पाय दाबायचा, लाल झाला की करकचून थांबायचं. ओल्या डांबरावर खिळ्यांची गाडी तशीही उशिराच थांबते, लोखंड डांबरात रुतत नाही, घासत पुढे जातं. त्यामुळे करकचायला कारणही मिळतं. काल पार्किंगमध्ये दोन खिळे सापडले. ते मी खिडकीत बशीत ठेवलेत.

आता आईचं बोलू.

आईला आयुष्यात कधी नवी चाकं मिळाली? नवी घ्यायचात तुम्ही. तीन हिवाळे ती हायवेवर पळवायचात, कायानी शहराला जा आणि कायानीहून या, सगळा मीठ टाकून मोकळा केलेला रस्ता. खिळे झिजून रबराच्या पातळीला आले की मग चाकं आईच्या गाडीला. आणि आईचा रस्ता कुठला? जंगलातला, सरोवराच्या कडेचा, जिथे मीठही पडत नाही. डांबर तुमचं, बर्फ आईचा. खिळे जिथे लागत नाहीत तिथे तुम्ही ते संपवलेत, आणि जिथे लागतात तिथे बायकोला गुळगुळीत टायर देऊन पाठवलंत.

आई कधी काही बोलली नाही. तिचा तो स्वभावच नव्हता. माझा आहे.

मेर्वी


तुर्कू, ६ डिसेंबर

बाबा,

आज स्वातंत्र्यदिन. रिवाजाप्रमाणे खिडकीत दोन मेणबत्त्या लावल्यात आणि त्यांच्या मधोमध खिळ्यांची बशी. बशी भरत आली आहे.

दुसरं कार्ड मिळालं. 'सावकाश चालव. खिळे जातील. लेम्पी कशी आहे?' खिळे आधी, बायको नंतर. बदलला नाहीत हो जराही.

इथे शेवटी हिम पडलं. दाबून बसलेल्या हिमावर खिळे असले काय, नसले काय, फारसा फरक पडत नाही. तिथे काम करतं ते रबर आणि त्यातल्या खाचा. म्हणूनच तुम्ही कायम रबर बघितलंत आणि खिळ्यांवरून कधी हात फिरवला नाहीत. आईचा अपघात झाला त्या मार्चमध्ये दिवसा बर्फ वितळला, संध्याकाळी पुन्हा गोठला, वर पाण्याचा पातळ थर. अशा बर्फावर रबराचं काही चालत नाही, धरतो तो फक्त खिळा. सरोवराजवळच्या वळणावर आईच्या गाडीला धरायला काहीच नव्हतं.

मी सुट्टीला आले होते, तुमच्याबरोबर धावत तिथे पोचले, हे तुम्ही विसरला असाल. आई अजून गाडीतच होती. पोलिसाने टायरच्या खाचेत पट्टी घालून बघितली आणि तुम्ही त्याला म्हणालात, "रबर भरपूर शिल्लक आहे. बाईने ब्रेक मारला. हजारदा सांगितलं होतं, मारू नकोस." तिचा खुबा मोडला, डोक्याला मार बसला, आणि तेव्हापासून ती एकेक गोष्ट विसरत गेली. स्कूलच्या त्या शेवटच्या वर्षी तुम्ही फळ्यावर ते वळण काढायचात. "इथे एक बाई घाबरली." पोरं हसायची. पिर्को त्या वर्गात होती, तिनेच मला सांगितलं.

तुम्हाला एवढंच जायचं असेल तर शेडमध्ये आईची गाडी उभी आहे. पत्रा ठोकून सरळ केलीत, ताडपत्री घातलीत, पण चाकं तीच ठेवलीत. ती काढा आणि तुमच्या गाडीला लावा की. बसतील. कायद्यातही बसतील. रबर भरपूर शिल्लक आहे.

लेम्पी कशी आहे म्हणून विचारलंत. मी फोनवर तिला म्हटलं, ताउनोला पाठवू का? ती म्हणाली, "कोण ताउनो?"

मेर्वी


तुर्कू, २५ जानेवारी

बाबा,

तुमचं कार्ड नाही म्हणून वेइकोला फोन केला. तो म्हणाला, "आहे, आहे, धडधाकट आहे. रोज बर्फावरून ढकलायची घसरगाडी घेऊन टपालपेट्यांपर्यंत येतो. पेटी रिकामी दिसली तरी आत हात घालून चाचपतो." इतके दिवस मी मुद्दामच लिहिलं नव्हतं. चाचपा.

तो असंही म्हणाला की शेडमध्ये दिवा दिसतो, आईच्या गाडीवरची ताडपत्री काढलेली आहे, आणि तुमची गाडी मात्र अंगणात उन्हाळी चाकांवर हिमाखाली गाडली गेलीय. म्हणजे ती जुनी चाकं तुम्ही काढून बघितलीत, पण लावली नाहीत. त्या चाकांवर बर्फात उतरायची माणसाला भीती वाटते, हे तुम्हाला समजतं तर. आईला मात्र किराणा आणायला पाठवायचात.

तुमच्याकडे उणे तीस झालंय असं बातम्यांत ऐकलं. एवढ्या थंडीत बर्फ दगड होतो, खिळा आत शिरत नाही, नुसता वर टेकतो. माझी पत्रंही तुमच्यावर तशीच टेकत असणार. माझ्या पुढच्या डाव्या चाकात आता खिळे कमी आणि रिकामी भोकं जास्त आहेत, हे तरी कुठे टोचतंय का बघा.

वृद्धाश्रमातून फोन आला होता. आई कमी जेवते. आधी रविवारी सकाळपासून खिडकीशी बसायची, आता बसत नाही. ती खुर्चीच तिथून हलवली म्हणे. परिचारिकेने मला विचारलं, "त्यांचे यजमान आजारी आहेत का हो? इतके नेमाने यायचे." मी म्हटलं, गाडी नाही.

टॅक्सी मंगळवारी असते, बाबा. तुमचा पाय कुठे ठेवायचा ते तुम्ही बघा.

मेर्वी


तुर्कू, २० फेब्रुवारी

बाबा,

पिर्कोचा फोन आला. "मेर्वी, तुझे बाबा काल माझ्या गाडीत बसले."

"मागे?"

"मागचा दरवाजा मी उघडून उभी होते. नको म्हणाले, पुढे बसले. सगळ्या वाटेत उजवा पाय खाली दाबत होते गं, ब्रेक शोधत. सरोवराच्या वळणावर मी सावकाश घेतलं, तर म्हणाले, 'चांगलं घेतलंस.' मी म्हटलं, काय म्हणालात सर? तर खेकसले, 'कान नाहीत का? चांगलं घेतलंस!'"

मी हसले. मग तिने पुढचं सांगितलं.

तुम्ही अंगात शेडमधला निळा डगला घालून गेला होता म्हणे, एका हातात टोपी, एका हातात पावाची पिशवी. आईने तुमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही टायरवाले ना? बसा." तुम्ही बसलात. ती पुढे वाकून हळू आवाजात म्हणाली, "आमच्या ह्यांना एक सांगाल का? माझं ते ऐकत नाहीत. या खेपेला तरी मला नवी द्या म्हणावं. जुनी घसरतात हो. वळणावर मला फार भीती वाटते. पण भीतीचं नका सांगू, हसतील. नवी द्या, एवढंच सांगा." तुम्ही म्हणालात, "सांगतो." मग तिने तुम्हाला तुमच्याच पिशवीतला पाव दिला. "घ्या, आमच्याकडे रविवारी असतो."

ती बोलत नव्हती असं मी तुम्हाला लिहिलं होतं. बोलायचं होतं तिला, तुम्ही हसाल म्हणून गप्प बसली.

एक सांगून टाकते. 'कोण ताउनो' असं ती डिसेंबरात म्हणाली नव्हती. तिने विचारलं होतं, आज रविवार आहे का? बाकीचं मी बनवून लिहिलं, तुम्हाला लागावं म्हणून. आता ते खरं झालंय. तिने तुम्हाला ओळखलं नाही हे ऐकून मला बरं वाटलं. दुपारपर्यंत वाटत होतं.

पिर्कोने विचारलं, "त्यांची चाकं तू नेलीस ना? काय केलंस त्यांचं?" मी सगळं सांगितलं. बशीसुद्धा. ती म्हणाली, "मेर्वी, तू अगदी बापावर गेलीस गं." मी फोन ठेवला.

तिला काय कळतंय? शब्दाची पक्की आहे मी, वसंताची वाट कशाला बघायची? तुमची चाकं सोमवारच्या बसने पाठवतेय. लावा आणि हिंडा कुठे हिंडायचं तिथे. रबर भरपूर शिल्लक आहे.

मेर्वी


तुर्कू, १३ मार्च

बाबा,

चाकं पाठवायला मला एक आठवडा उशीर झाला, आणि तुमचं कार्ड ती पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी मिळालं. किती बारीक अक्षर, कडेपर्यंत भरलेलं. 'मेर्वी, लायसन्स परत दिलं. डोळ्यांचं तू म्हणतेस ते बरोबर. लेम्पीने या मंगळवारी विचारलं, सांगितलंत का. मी म्हटलं, सांगितलं, पुढच्या मंगळवारी नवी येणार आहेत. माझ्यासाठी नकोत, तिच्या गाडीला लावायला चाकं पाठव. पिर्को तिला खुर्चीसकट शेडपर्यंत आणणार आहे. तिला हात लावून बघू दे. बाबा.'

त्याच वेळी मी फोन उचलायला हवा होता. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही तर वेइकोला सांगायला हवं होतं, म्हाताऱ्याला थांबव, ती चाकं लावू देऊ नकोस. मी मनाशी म्हटलं, स्वतः बघतील की, तो काय आंधळा आहे का माणूस? शिवाय पत्रांत सगळं लिहिलंच होतं. चार दिवस मी असंच म्हणत राहिले. मग पिर्कोचा फोन आला.

चाकं सोमवारी संध्याकाळी पोचली. आईचं ठरलं होतं मंगळवारचं. पिर्को म्हणाली, "चाकांची दशा बघून मी म्हटलं सर, आपण पुढच्या आठवड्यात आणू त्यांना. दुकानात आता उन्हाळी माल लागलाय, पण मागवून देतील. तर म्हणाले, 'तिला आजचं सांगितलंय. एवढ्या वर्षांत एकदा तरी वेळेवर होऊ दे.' ते म्हणत होते, 'मेर्वी पत्रात नुसती टोचून बोलते. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी आहे, चाकं खराब करायची नाही.' मग त्यांनी एका चाकावरून हात फिरवला. बादली घेऊन आले आणि चारही धुतली, वरून काळं पॉलिश लावलं. वेइकोने जॅक लावला, नट यांनी आवळले."

तो वेइको. त्याची पेटी तुम्ही मोडलीत तो.

पिर्कोने आईला पांघरुणात गुंडाळून शेडमध्ये आणलं. गाडी बघून आई हसली म्हणे. "माझी आहे ही," पिर्कोला म्हणाली. मग तिने हातमोजा काढला आणि चाकावर तळहात ठेवला. तुम्ही डगला घालून बाजूला उभे. ती सावकाश हात फिरवत राहिली, वरून खाली, पुन्हा वर.

"ही जुनीच आहेत," ती म्हणाली.

"हो," तुम्ही म्हणालात.

"आमच्या ह्यांनीच दिली?"

"मी तोंड उघडलं होतं," पिर्को मला म्हणाली. "मेर्वी, देवाशप्पथ सांगणार होते मी तुझं नाव. तर सरांनी हात वर केला, स्कूलमध्ये थांबवायचे ना, तसा. आणि म्हणाले, 'हो. त्यांनीच दिली.'"

"वाटलंच मला," आई म्हणाली, आणि तिने हातमोजा परत घातला.

काल मंगळवारी तुम्ही तिच्याकडे गेलात तेव्हा टायरचं तिने विचारलंच नाही. बसा म्हणाली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून होती, आणि तुम्ही परत जायची वेळ होईपर्यंत टोपी हातात धरून उभे होता. हेही पिर्कोनेच सांगितलं.

मी नवी चाकं आणलीत. एका दुकानात मागच्या खोलीत शेवटची चार होती. एकेक खिळा बोटाने चाचपून बघितला. गाडीच्या मागच्या भागात ठेवलीत, मी पुढे बसते, इंजिन चालू करते आणि बंद करून वर येते. तिच्या हातात ती चाकं देऊन मी काय सांगणार? ही कुणी दिली असं तिने विचारलं तर? आणि तिने विचारलंच नाही तर?

बशी मी फेकून दिली. त्याआधी एक खिळा परत भोकात दाबून बघितला. एकदा निघालेला खिळा पुन्हा बसत नाही, हेही तुम्ही कधीतरी सांगितलं होतं.

तुम्ही माझं नाव का घेतलं नाहीत? मी सबंध हिवाळा वाट बघत होते, की तुम्ही एकदा तरी म्हणाल, चूक माझी होती. आणि म्हणालात ते नेमकं माझ्या चुकीबद्दल. असं करायचा तुम्हाला काय अधिकार होता? आता मी कुणावर रागावू?

एक कार्ड टाका, बाबा. दोनच ओळी. शिव्या द्या, काय वाटेल ते लिहा. फक्त खाली 'बाबा' असं लिहू नका. ताउनो लिहा.

मेर्वी